काट्याची स्मृती आणि तिचे कुलूप

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कृष्णा, कोयना आणि वारणेच्या काठी पिकलेला ऊस कारखान्याच्या आवारात पोहोचला की शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा पहिला हिशेब वजनकाट्याच्या केबिनमधल्या इंडिकेटरवर, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या छोट्या पेटीवर होतो. या पेटीतला निर्णायक घटक असतो मायक्रोकंट्रोलर, म्हणजे गणित करणारा प्रोसेसर, आज्ञावली साठवणारी स्मृती आणि बाहेरच्या तारांशी जोडणारी द्वारे एकाच चिपमध्ये सामावलेला नखाएवढा संगणक. त्याच्या स्मृतीत कोणती आज्ञावली आहे हे ऊस घालणाऱ्या सभासदाला वाचता येत नाही, काट्यावर मोहोर मारणाऱ्या वैधमापन शास्त्र विभागाच्या निरीक्षकाला वाचता येत नाही, आणि बहुतेक वेळा ज्या कारखान्याने तो काटा विकत घेतला त्यालाही वाचता येत नाही, कारण इंडिकेटर बनवणाऱ्याने ती स्मृती कुलूपबंद करून ठेवलेली असते. हे कुलूप कोणी, केव्हा आणि कोणत्या अटीवर काढावे हा प्रश्न आजवर चिप उत्पादकांच्या माहितीपुस्तिकांवर सोडून दिला गेला आहे. ज्या यंत्राच्या आकड्यावर दुसऱ्याचे पैसे ठरतात त्या यंत्रापुरता तरी तो वजनमापांच्या कायद्याचा प्रश्न मानला पाहिजे, अशी या लेखाची भूमिका आहे.

आधी वजनाचा आकडा कसा तयार होतो ते पाहिले पाहिजे. काट्याच्या फलाटाखाली चार, सहा किंवा आठ लोडसेल बसवलेले असतात. लोडसेल म्हणजे भार पडताच किंचित दबणारा पोलादी ठोकळा, त्याच्यावर चिकटवलेल्या बारीक तारांचा विद्युतरोध या दबण्याने बदलतो आणि त्यातून काही मिलिव्होल्टचा संकेत निघतो. सर्व लोडसेलचे संकेत जंक्शन बॉक्समध्ये एकत्र होऊन इंडिकेटरकडे जातात आणि तिथे त्यांचे रूपांतर एका मोठ्या संख्येत होते, परंतु ही संख्या म्हणजे किलो नव्हेत. तिचे किलो करण्यासाठी स्मृतीत आणखी दोन संख्या जपलेल्या असतात: रिकाम्या फलाटाचे वाचन दर्शवणारा झिरो आणि किती वाचनाला एक किलो धरायचे हे ठरवणारा स्पॅन. उसाची ट्रॉली भरलेली आणि रिकामी अशी दोनदा तोलली जात असल्यामुळे झिरोमधली कायमची चूक वजाबाकीत नाहीशी होते. स्पॅनमधली चूक मात्र निव्वळ वजनात जशीच्या तशी उतरते. स्पॅन एक टक्क्याने बिघडला, किंवा बिघडवला, तर वीस टन उसामागे दोनशे किलोंचा फरक पडतो, आणि २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला जाहीर केलेल्या क्विंटलला ३५५ रुपये या रास्त व किफायतशीर दराने तो एका खेपेमागे ७१० रुपयांचा होतो. याच्या उलट, दहा किलोच्या टप्प्याने वजन दाखवणाऱ्या काट्यावर तीस टनांच्या भाराला पडताळणीच्या वेळी जी चूक नियमाने खपवून घेतली जाते, ती आहे पंधरा किलो.

झिरो आणि स्पॅन बदलण्याची वाट सहसा पेटीच्या आतल्या एका स्विचमधून जाते आणि पेटीच्या झाकणावर निरीक्षकाचे सील असते, त्यामुळे ही दोन माणसे, म्हणजे सील मारणारा आणि सील तोडणारा, कायद्याच्या नजरेत येतात. पण झिरो आणि स्पॅन वापरून गणित करणारी आज्ञावली प्रामाणिक आहे की नाही, ती विशिष्ट वेळी किंवा विशिष्ट कळ दाबल्यावर वेगळेच गणित करते की काय, हे सीलवरून कळत नाही. तिथे पहारा असतो तो केवळ चिपमधल्या कुलपाचा, आणि ते कुलूप कोणाच्या बाजूचे आहे हे त्याच्या रचनेतच लिहिलेले असते.

इंटेलने १९८० मध्ये आणलेल्या ८०५१ या मायक्रोकंट्रोलरवर आणि त्याच्या पुढच्या भावंडांवर कऱ्हाड आणि सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्या शिकल्या. त्यांपैकी ॲटमेल कंपनीच्या एटी८९सी५१ या चिपमध्ये तीन लॉक बिट असत. बिट म्हणजे शून्य किंवा एक एवढीच नोंद ठेवणारी जागा. हे बिट बसवले की बाहेरून स्मृती वाचता येत नसे, आणि ते पुन्हा काढायचे तर संपूर्ण चिप पुसणे, ज्याला या व्यवसायातले लोक चिप इरेज म्हणतात, हा एकच मार्ग उरत असे. हाच सौदा पुढच्या बहुतेक चिपमध्ये कायम राहिला. एसटी कंपनीच्या एसटीएम३२ या आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मालिकेतल्या अनेक चिपमध्ये वाचनबंदीच्या तीन पातळ्या आहेत: शून्य पातळीवर स्मृती मोकळी असते, पहिल्या पातळीवरून शून्यावर परतताना ती आपोआप पुसली जाते, आणि दुसऱ्या पातळीवरून परतीची वाटच नसते. कुलूप काढता येते, परंतु काढताक्षणी तिजोरीतली कागदपत्रे जळून जातात, असा हा व्यवहार आहे.

फ्रीस्केल या कंपनीच्या, आणि २०१५ नंतर एनएक्सपीच्या मालकीच्या झालेल्या, कायनेटिस मालिकेत हा व्यवहार एका बाइटमध्ये, म्हणजे आठ बिटांत, इतका स्पष्ट लिहिलेला सापडतो की तो जवळून पाहण्यासारखा आहे. त्या बाइटमधल्या शेवटच्या दोन बिटांत १० ही जोडी असेल तरच चिप उघडी मानली जाते, अन्य कोणतीही जोडी असेल तर ती बंद. त्यामुळे पूर्ण पुसलेली चिप, जिच्यात सर्व बिट एक होतात, ती पुढच्या सुरुवातीला बंदच ठरते आणि तिला उघडी ठेवण्यासाठी षोडशमान लेखनातल्या एफएफऐवजी एफई हे मूल्य मुद्दाम लिहावे लागते. उरलेल्या सहा बिटांच्या तीन जोड्या म्हणजे तीन दारे आहेत. एक जोडी आठ बाइटांची गुप्त किल्ली सादर करणाऱ्याला पुढच्या रीसेटपर्यंत, स्मृती न पुसता, आत येऊ द्यायचे की नाही ते ठरवते. ही किल्ली चुकीची दिली तर पुढचा प्रयत्न रीसेटनंतरच करता येतो, आणि सर्व शून्ये किंवा सर्व एक अशी किल्ली स्वीकारलीच जात नाही. दुसरी जोडी चिप पुसण्याची मुभा असावी की नसावी ते ठरवते, आणि ती मुभा काढून घेतली, किल्लीही ठेवली नाही, तर चिप कायमची बंद होते. तिसरी जोडी बिघाडाच्या तपासासाठी खुद्द चिप उत्पादकाला आत जाऊ द्यायचे का ते ठरवते, आणि कोणी काही न लिहिता ती तशीच सोडली तर उत्तर होकारार्थी असते. आज्ञावली लिहिणारा, यंत्र विकत घेऊन नवी आज्ञावली भरू इच्छिणारा आणि चिप बनवणारा, अशा तिघांचा विचार या एका बाइटमध्ये झाला आहे. ज्याचा माल तोलला जातो आणि जो तोलण्याची साक्ष देतो, त्या दोघांसाठी तिथे एकही बिट नाही.

असे कुलूप मुळात नकोच, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. कुपवाड किंवा मिरज औद्योगिक वसाहतीतला एखादा लहान उद्योजक पंपाचा कंट्रोलर किंवा वजनाचा इंडिकेटर तयार करण्यासाठी दोन वर्षे खर्च करतो, आणि त्याची चिप वाचता आली तर त्या आज्ञावलीची प्रत काढून, म्हणजे डंप काढून, तीच वस्तू निम्म्या किमतीत विकणारा दुसरा माणूस आठवड्यात उभा राहू शकतो. मोठ्या कंपनीकडे पेटंट, वकील आणि नाममुद्रा असतात. लहान उत्पादकाकडे असते ते एवढे एक लॉक बिट. पुसल्याशिवाय उघडायचे नाही ही अट त्याच्या दृष्टीने रास्त आहे, आणि ती यंत्राच्या मालकालाही पूर्णपणे लुबाडत नाही, कारण त्याला जुनी आज्ञावली मिळत नसली तरी चिप त्याचीच राहते. शेतातल्या मोटरपंपाला लावलेला मोबाईल ऑटो, म्हणजे फोन केल्यावर मोटर चालू-बंद करणारी पेटी, नादुरुस्त झाली आणि बनवणाऱ्याचा पत्ताच उरला नाही, तर एखाद्या हुशार कारागिराने चिप पुसून स्वतःची आज्ञावली भरावी यात कोणाचे काही चोरले जात नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखण्यासाठी समिती नेमली, तेव्हा शेती अवजारे हे तिच्या चार क्षेत्रांपैकी एक होते. पुसून पुन्हा वापरण्याची मुभाही काढून घेणारी, दुसऱ्या पातळीची कुलपे शेतीच्या यंत्रांत सर्रास बसवली जाऊ नयेत, एवढे तरी त्या चर्चेतून निघायला हवे.

काट्याची गोष्ट वेगळी होते ती यामुळे की पंपाचा कंट्रोलर त्याच्या मालकापुरता असतो, काटा मात्र दोन परस्परविरोधी हितांच्या मध्ये उभा असतो. इथे या कुलपाचा एक दोष उघड होतो, जो एरवी लक्षात येत नाही. वाचनबंदी गुपित राखते, प्रामाणिकपणा राखत नाही. सामान्य कुलूप असलेली चिप वाचता येत नाही, पण पुसता येते. म्हणून पेटीच्या आत पोहोचलेला माणूस मूळ आज्ञावली पुसून तिच्या जागी त्याच चेहऱ्याची, तेच आकडे त्याच पद्धतीने दाखवणारी, पण वेळ पाहून कमी तोलणारी आज्ञावली लिहू शकतो आणि नंतर तेच कुलूप पुन्हा लावू शकतो. मग ज्या कुलपाने उत्पादकाचे गुपित सांभाळायचे तेच लबाडीचे गुपित सांभाळू लागते. लिहिण्यावरची बंदी आणि वाचण्यावरची बंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सार्वजनिक मापनाच्या यंत्रात पहिली कडक आणि दुसरी सैल हवी, आणि प्रत्यक्षात बहुधा उलटे असते.

इथे असा आक्षेप घेतला जाईल की निरीक्षक प्रमाणित वजने ठेवून दरवर्षी काटा तपासतो, तेवढे पुरे आहे. परंतु ती तपासणी त्या क्षणीच्या वर्तनाची असते, आणि आज्ञावलीला आपण तपासले जात आहोत हे ओळखता आले तर वर्तनाची तपासणी निरुपयोगी ठरते, याचा धडा फोक्सवॅगनने जगाला दिला आहे. त्या कंपनीच्या डिझेल मोटारींतली आज्ञावली प्रयोगशाळेतली चाचणी ओळखून तेवढ्यापुरते धुरातले प्रदूषण कमी करत असे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये मोटारी प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून मोजमाप केले तेव्हा विसंगती दिसली, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीवर नोटीस बजावली. गंमत अशी की याच संस्थेने त्याच वर्षी जुलैमध्ये, मोटारींच्या आज्ञावलीचे कुलूप उघडून अभ्यास करण्याची सवलत देऊ नये, कारण लोक त्यात फेरफार करून प्रदूषण वाढवतील, अशी भूमिका घेतली होती. फेरफाराची भीती खोटी नव्हती. पण फेरफार करणारा बाहेरचाच असेल हे गृहीत चुकीचे होते. ऑक्टोबरमध्ये ती सवलत मंजूर झाली.

भारतातला अनुभवही याच दिशेचा आहे. एप्रिल २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात पेट्रोल पंपांच्या वितरण यंत्रांत कमी माप देणाऱ्या चिप सापडल्या, आणि त्याच वर्षी ठाणे पोलिसांच्या तपासात महाराष्ट्रातल्या अनेक पंपांवर तसाच प्रकार उघड झाला. या यंत्रांवर वैधमापन शास्त्राची सीले होती, वार्षिक तपासण्याही होत होत्या. साखर कारखान्यांच्या काट्यांबाबत शेतकरी संघटना वर्षानुवर्षे काटामारीचा आरोप करत आल्या आहेत; तो कोणत्या कारखान्याबाबत खरा आणि कोणत्या कारखान्याबाबत खोटा हे ठरवणे हा या लेखाचा विषय नाही, आणि खरे तर कुलूपबंद स्मृतीमुळे ते ठरवणेच अवघड होऊन बसते, ही तक्रार कारखान्यांनीही करायला हवी. प्रामाणिक काटा असलेल्या कारखान्यालाही आपला प्रामाणिकपणा सिद्ध करण्याचे साधन आज उपलब्ध नाही.

मतदान यंत्रांच्या वादात हाच पेच अधिक ठळकपणे दिसतो. हरि प्रसाद, ॲलेक्स हाल्डरमन आणि रॉप गोंग्ग्रेप यांनी २०१० मध्ये भारतीय मतदान यंत्राचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी दाखवलेल्या एका हल्ल्याचा रोख बाहेरच्या, मोकळ्या स्मृतीवर होता. पण त्यांचा अधिक मूलभूत मुद्दा असा होता की मुख्य चिपमधली आज्ञावली वाचताच येत नसल्याने ती अस्सल आहे याची खात्री निवडणूक अधिकाऱ्यांनाही करून घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात मतपत्रिकांकडे परतण्याची मागणी फेटाळली, परंतु दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालानंतर सात दिवसांत लेखी मागणी केल्यास विधानसभा क्षेत्रनिहाय पाच टक्के यंत्रांमधल्या मायक्रोकंट्रोलरची स्मृती तपासण्याची सोय केली. तपासणारे अभियंते मात्र यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांचेच असावेत असे ठरले. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रातल्या काही पराभूत उमेदवारांनी या सोयीखाली अर्ज केले. निवडणूक आयोगाच्या कार्यपद्धतीत भर होता तो अभिरूप मतदान घेऊन यंत्राचे वर्तन पाहण्यावर, आणि त्याविरुद्ध तक्रार गेल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाला सांगावे लागले की तपासणीच्या वेळी यंत्रातली माहिती पुसू नका आणि नव्याने भरू नका. ज्या न्यायालयाने तपासण्याचा हक्क दिला त्यालाच वर्षभराच्या आत पुसण्याविरुद्ध बोलावे लागले, यात योगायोग कमी आणि कुलपाची रचना जास्त आहे.

मग उपाय कोणता? सर्वांत स्वस्त उपाय चिपच्या बाहेरचा आहे. बाहेरच्या खासगी काट्यावर तोलून आणलेला ऊस कारखान्यांनी नाकारू नये, अशी सूचना साखर आयुक्तालयाने केली आहे, आणि तिचे मोल केवळ शेतकऱ्याच्या समाधानापुरते नाही. शंभर ट्रॉलींपैकी कोणती आधी तोलून आली आहे हे काट्यातल्या आज्ञावलीला कळू शकत नाही, म्हणून ती ट्रॉली म्हणजे रस्त्यावर चालवून घेतलेली चाचणी ठरते. भरारी पथक गेटवर आले की केबिनमध्ये बातमी आधी पोहोचते. ट्रॉलीच्या बाबतीत तशी बातमी देणारे कोणी नसते. मात्र या मार्गाने फरक उघड होतो, गुन्हा सिद्ध होत नाही. फरक कोणत्या काट्यामुळे पडला, आणि चूक यंत्राची की आज्ञावलीची, हे ठरवायला आतली स्मृती पुरावा म्हणून हवी, आणि नेमक्या त्याच वेळी तिच्यावरचे कुलूप काढणे म्हणजे पुरावा पुसणे होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात सादर करताना जोडायच्या प्रमाणपत्रात त्या नोंदीचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे एक बिट जरी बदलले तरी पूर्णपणे बदलणारी, संपूर्ण मजकुराची गणिती ओळखखूण. जी स्मृती वाचताच येत नाही तिची ओळखखूण पंचनाम्यात कोणी आणि कशी लिहायची, याचे उत्तर या कायद्यात नाही आणि वैधमापन शास्त्र अधिनियम २००९ मध्येही नाही.

कुलूप मोडून वाचणे हा पर्याय आहे, पण तो कायद्याच्या वापराचा नव्हे. केंब्रिजमध्ये सर्गेई स्कोरोबोगातोव आणि रॉस अँडरसन यांनी २००२ मध्ये कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा झोत उघड्या केलेल्या चिपवर टाकून तिचे बिट बदलून दाखवले, आणि तेव्हापासून व्होल्टेजला क्षणिक झटका देऊन वाचनबंदी चुकवण्याची तंत्रे पुष्कळ पुढे गेली आहेत. अशी तंत्रे कुलूप अभेद्य नाही एवढे सिद्ध करतात. त्यांच्यातून निघालेला पुरावा मात्र बचाव पक्षाचा वकील पहिल्याच उलटतपासणीत डळमळीत करील. कायद्याची अडचण त्याहून कमी आहे. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली घातलेले कलम ६५अ संरक्षक कुलूप मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करते, परंतु ते प्रताधिकार भंग करण्याच्या हेतूशी बांधलेले आहे, आणि कलम ५२ कायदेशीर ताबा असलेल्याला आज्ञावलीचे कार्य निरखण्याची, अभ्यासण्याची मुभा देते. निरीक्षकाने पुराव्यासाठी स्मृती वाचणे हा प्रताधिकाराचा भंग ठरण्याचे कारण नाही. त्याला मनाई नाही. त्याच्याकडे किल्ली नाही.

ती किल्ली देण्याची जागा म्हणजे नमुना मान्यता. कोणताही इलेक्ट्रॉनिक काटा बाजारात आणण्यापूर्वी त्याचा नमुना केंद्राकडून २०११ च्या नियमांखाली मंजूर करून घ्यावा लागतो, आणि त्याच वेळी आज्ञावलीची प्रत, तिचे हॅश मूल्य आणि स्मृती न पुसता उघडणारी किल्ली शासनाकडे सीलबंद जमा करण्याची अट घालता येईल. ही किल्ली प्रत्येक यंत्राची वेगळी असली पाहिजे, कारण एका नमुन्याच्या सर्व काट्यांना एकच किल्ली ठेवली तर एका कार्यालयातून ती फुटताच राज्यभरचे काटे उघडे पडतील, आणि उत्पादकांची भीतीही मग खरी ठरेल. आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेच्या डी ३१ या दस्तऐवजात मापनयंत्राच्या आज्ञावलीची ओळख दाखवता येणे आणि तिच्यातल्या बदलांची नोंद राहणे अपेक्षित आहे, म्हणजे दिशा नवी नाही. तिथे राहून गेलेली फट अशी की ओळख दाखवणारी आज्ञावली स्वतःच बदललेली असेल तर ती खुशाल जुनीच ओळख दाखवील. म्हणून हॅश काढण्याचे काम काट्याच्या आज्ञावलीकडे न देता चिपमध्ये ती बनवतानाच कोरलेल्या, नंतर बदलता न येणाऱ्या भागाकडे असायला हवे, आणि त्यासाठी स्मृतीतला मजकूर बाहेर काढावा लागत नाही, त्यामुळे उत्पादकाचे गुपितही शाबूत राहते. याचा एक कच्चा नमुना आजही उपलब्ध आहे: रेनेसासच्या आरएल७८ चिपमध्ये प्रोग्रामर हे उपकरण जोडून स्मृतीच्या एखाद्या पट्ट्याची बेरीजवजा खूण मागवता येते. पण ती अवघ्या सोळा बिटांची आहे आणि एकेक बाइट वजा करत काढलेली आहे, त्यामुळे आज्ञावली बदलणाऱ्याने एखाद्या मोकळ्या जागेत हिशेब जुळवणारे दोन-चार बाइट टाकले की ती पुन्हा जशीच्या तशी येते. वजनकाट्यांसाठी चिप निवडताना या खुणेच्या जागी खरा हॅश मागण्याइतकी खरेदीची ताकद एकेकट्या कारखान्याकडे नाही, राज्यभरच्या काट्यांना मान्यता देणाऱ्या आणि ती नाकारू शकणाऱ्या यंत्रणेकडे आहे.